एका खोलीतली दोन दुखणी

नागपुरातील एका ४७ वर्षांच्या शिक्षिकेचे पत्र आले आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून त्याचा सारांश येथे देत आहोत.

त्यांचे पती ५२ वर्षांचे असून बुटीबोरीच्या एका कारखान्यात पर्यवेक्षक आहेत आणि रोज स्वतःच्या कारने वर्धा रोडवरून जाणे-येणे करतात. ते पूर्वीपासून घोरतात. पण गेल्या तीन वर्षांत घोरणे मध्येच पूर्ण थांबते आणि मग गुदमरल्यासारखा आवाज होऊन पुन्हा सुरू होते. तो आवाज येईपर्यंत या जाग्याच असतात. पती रात्री तीनदा लघवीला उठतात. साखर तपासली तर ती नॉर्मल निघाली. बीपीच्या दोन गोळ्या सुरू असूनही बीपी आटोक्यात नाही. पुतणीच्या साक्षगंधात ते पहिल्या रांगेत बसून घोरू लागले आणि चारचौघांत शोभा झाली. मागच्या महिन्यात परतताना गाडी दुभाजकाला घासली. नणंद म्हणते, "दादा घोरतो म्हणजे निवांत झोपतो, तूच उगाच जागत बसतेस." घरात पतींना आळशी म्हटले जाते.

पत्रलेखिकेची स्वतःची झोपही उडाली आहे. त्या रात्री साडेनऊलाच अंथरुणावर पडतात, पण पोटऱ्यांत किडे वळवळल्यासारखे होते, पाय हलवल्याशिवाय राहवत नाही, म्हणून जुन्या ओढणीने पोटऱ्या आवळून बांधतात. ओळखीच्या औषध दुकानातून आणलेली झोपेची गोळी आधी अर्धी पुरत असे, आता पूर्ण लागते. त्या विचारतात : हीच अर्धी गोळी पतीला दिली तर ते रात्री सलग झोपतील का? की आपण दुसऱ्या खोलीत झोपावे? सासूबाईंच्या मते नवरा-बायकोची अंथरुणे वेगळी झाली की घर मोडते.

ताई,

तुमच्या प्रश्नांपैकी एकाचे उत्तर लांबवण्यासारखे नाही, म्हणून ते आधी देतो. तुमची गोळी, अर्धी असो वा पाव, पतीला देऊ नका. ती का देऊ नये हे कळले, तर तुमच्या पत्रातल्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होईल, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. मी डॉक्टर नाही आणि पत्रावरून निदान कोणीच करू नये. पण तुम्ही जे टिपून पाठवले आहे ते संशय घ्यायला पुरेसे आहे.

झोपेत अंगाचे बाकीचे स्नायू सैल पडतात तसे घशाचेही पडतात. घशाच्या ज्या भागातून हवा आत जाते त्याला हाडाचा आधार नसतो. तो केवळ स्नायूंच्या ताणावर उघडा राहतो. जीभ मागे सरकली आणि टाळूचा मऊ भाग लोंबू लागला की ही वाट अरुंद होते, आणि त्यातून जाणारी हवा आजूबाजूचा मऊ भाग थरथरवते. तेच घोरणे. वाट पूर्ण मिटली की आवाजही बंद होतो. तुम्ही लिहिले आहे की पूर्वी घोरणे थांबले की हायसे वाटायचे, आता भीती वाटते. तुमची भीती रास्त आहे. त्या शांततेत छाती आणि पोट श्वासासाठी धडपडत असतात, हवा मात्र आत जात नसते. रक्तातला ऑक्सिजन उतरू लागतो, मेंदू काही सेकंदांपुरता जागा होऊन घशाच्या स्नायूंना पुन्हा ताण देतो, वाट उघडते आणि तो गुदमरलेला आवाज येतो. सकाळी त्या माणसाला यातले काही आठवत नाही. याला स्लीप अ‍ॅप्निया, म्हणजे झोपेतील श्वासरोध, म्हणतात. निदान १० सेकंद श्वास अडला तर तो एक रोध मोजतात. तासाला ५ ते १५ वेळा असे झाले तर आजार सौम्य, १५ ते ३० वेळा झाले तर मध्यम आणि त्याहून अधिक झाले तर तीव्र. तासाला ३० म्हणजे दर दोन मिनिटांनी एकदा, रात्रभर.

आता गोळीचा विचार करा. झोपेच्या बऱ्याचशा गोळ्या घशाचे स्नायू आणखी सैल करू शकतात आणि मेंदूची ती काही सेकंदांची जाग लांबवू शकतात. तशी जाग येण्यामुळेच तर श्वास परत सुरू होतो. गोळीने तुमचे पती कमी उठतीलही, तुम्हाला ते सलग झोपलेले दिसतीलही, पण आत श्वास अधिक वेळ अडलेला असेल. दारूचा परिणामही असाच होतो. ‘बसून’ आलेल्या माणसाचे घोरणे त्या रात्री का वाढते, हे घरातल्या बायकांना कोणी वेगळे सांगायला नको.

घोरणे म्हणजे गाढ झोप, ही समजूत एकट्या तुमच्या नणंदेची नाही. माझ्या लहानपणी उन्हाळ्यात आम्ही सगळे गच्चीवर झोपायचो. वडिलांचे घोरणे थांबले की आम्ही भावंडे बोटांवर आकडे मोजायला लागायचो, आणि ज्याने सांगितलेल्या आकड्याच्या जवळ त्यांचा श्वास परत येई तो जिंकत असे. पंचवीसच्या पुढे आकडा गेला की आम्ही तोंडावर चादर ओढून हसायचो. आई म्हणायची, दिवसभर राबून आलेला माणूस आहे, झोपू द्या. दिवसा ते पेपर वाचता वाचता झोपत, जेवताना झोपत, आणि त्यांच्या बीपीचे कारण चाळिशीनंतरची दगदग हेच सर्वांनी मानले होते. आम्ही काय मोजत होतो ते मला फार उशिरा कळले. तुमच्या नणंदेला म्हणूनच मी दोष देणार नाही.

दुसरी समजूत आळसाची. ज्याची झोप रात्रभर तुकड्यातुकड्यांनी होते तो आठ तास अंथरुणावर असला तरी त्याची झोप होत नाही, आणि ते त्याचे त्यालाच ठाऊक नसते. म्हणून "तुम्हाला झोप लागते का?" असे विचारण्यात अर्थ नसतो, ते "मस्त लागते" असेच सांगतील. डॉक्टर याऐवजी आठ प्रसंग सांगून प्रत्येकात डुलकी लागण्याची शक्यता विचारतात. ऑस्ट्रेलियातील डॉक्टर मरे जॉन्स यांनी १९९१ साली मांडलेली ही एपवर्थ प्रश्नावली आहे : बसून वाचताना, टीव्ही पाहताना, सभेसारख्या ठिकाणी नुसते बसलेले असताना, तासभर गाडीत मागे बसून जाताना, दुपारी आडवे झाल्यावर, कोणाशी बोलत असताना, जेवणानंतर शांत बसल्यावर आणि सिग्नलला गाडी काही मिनिटे थांबली असता. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण द्यायचे. बेरीज दहाच्या वर गेली तर दिवसाची झोप नेहमीपेक्षा जास्त आहे असे धरतात. साक्षगंधातली ती पहिल्या रांगेतली खुर्ची तिसऱ्या प्रसंगात बसते. शोभा झाली म्हणून तुम्ही त्या दिवशी रागावलात, हे समजण्यासारखे आहे. मात्र तो प्रसंग डॉक्टरांना सांगायचे एक लक्षण म्हणून जपून ठेवा.

रात्री लघवीला उठणे हे साखरेचेच लक्षण आहे, असे आपल्याकडे धरून चालतात. साखर नॉर्मल निघाल्यावर तुम्ही तो विषय सोडून दिलात, तो सोडायला नको होता. बंद वाटेतून श्वास ओढण्याच्या धडपडीत छातीत असा ताण निर्माण होतो की हृदयाचे वरचे कप्पे ताणले जातात; शरीरात पाणी जास्त झाले असे समजून हृदय एक संप्रेरक सोडते आणि मूत्रपिंड लघवी वाढवते. प्रत्येक रोधाबरोबर रक्तदाब उसळतो आणि तो दिवसाही पुरता खाली येत नाही. दोन-दोन गोळ्या घेऊनही न उतरणाऱ्या बीपीमागे हा आजार अनेकदा सापडतो. सकाळी डोके जड असणे आणि तोंडाला कोरड पडणे, हेही त्याच माळेतले. प्रोस्टेट वाढल्यामुळेही या वयात रात्री उठावे लागते, तेव्हा तेही एकदा पाहून घ्यावे.

यात तातडीचे काय आहे, तर रस्ता. श्वासरोधाचे हृदयावर आणि मेंदूवर होणारे परिणाम बहुधा वर्षांच्या हिशेबाने होतात. दुभाजक मात्र पुढच्या सोमवारीही तिथेच असणार आहे. "डोळा लागला नव्हता, लक्ष नव्हते" असे ते म्हणतात ते खोटे नसेल, कारण काही सेकंदांची डुलकी लागली हे डुलकी घेणाऱ्याला बहुतेक वेळा कळतच नाही. तपासणी होऊन उपचार लागू पडेपर्यंत त्यांनी स्वतः गाडी चालवू नये. कंपनीची बस असेल तर तिने जावे, नसेल तर खापरीपर्यंत मेट्रो आणि पुढे सहकाऱ्याबरोबर. खिडकीची काच खाली करणे, गाणी मोठ्याने लावणे, खर्रा तोंडात धरणे यांनी झोप हटत नाही. थोडा वेळ हटल्यासारखी वाटते, इतकेच. हेच समृद्धी महामार्गावर रात्री निघणाऱ्या प्रत्येकाला लागू आहे.

त्यांना तयार कसे करायचे, हा तुमचा न विचारलेला प्रश्न मला पत्रात दिसतो. घोरण्याचा विषय निघाला की पुरुष चिडतात, कारण आजवर तो विषय घरात चेष्टेनेच निघालेला असतो. मुलांसमोर आणि सासूबाईंसमोर बोलू नका. एखाद्या रविवारी सकाळी त्यांना विचारून ठेवा की आज रात्री मी फोनवर तुमची झोप टिपू का. आणि दोन-तीन मिनिटांचा असा व्हिडिओ घ्या ज्यात आवाजाबरोबर छाती-पोटाची हालचालही दिसेल. चोरून घेतलेला व्हिडिओ दाखवलात तर भांडण होईल आणि तपासणी राहून जाईल. तो पाहिल्यावर त्यांनाच भीती वाटेल, तेव्हा तुम्ही "बघा, मी सांगत होते" हे वाक्य मात्र गिळून टाका.

दाखवायचे कुठे? नागपुरातील मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालये किंवा मिहानमधील एम्स येथे श्वसनरोग किंवा कान-नाक-घसा विभागात आधी जावे. खासगीत जायचे तरी याच दोन शाखांपासून सुरुवात करावी. गळ्याचा घेर (४० सेंटिमीटरच्या वर असेल तर संशय वाढतो), वजन, टॉन्सिल, नाकाचे हाड हे पाहून डॉक्टर झोपेची तपासणी सुचवतील. त्यात रात्रभर नाकाजवळची हवा, छातीची हालचाल, बोटावरून ऑक्सिजन, आणि पूर्ण तपासणी असेल तर मेंदूच्या लहरीही नोंदल्या जातात. काही जणांची तपासणी लहान यंत्र देऊन घरीच होते. आजार मध्यम किंवा तीव्र निघाला तर बहुधा सीपॅप हे यंत्र सुचवतात. १९८१ साली सिडनीचे डॉक्टर कॉलिन सुलिव्हन यांनी ही पद्धत प्रथम वर्णन केली. या यंत्राबद्दल आपल्याकडे मोठा गैरसमज आहे : ते पाहून शेजारी विचारतात, "ऑक्सिजन लावला का हो?" त्यात ऑक्सिजन नसतो. साध्या खोलीतल्या हवेच्या दाबाने घशाची वाट आतून टेकू दिल्यासारखी उघडी ठेवली जाते. पहिले काही आठवडे मास्क नकोसा वाटतो, नाक कोरडे पडते, कित्येक जण तो महिनाभरात कपाटात टाकतात. मास्कचा आकार बदलून घेतला तर अनेकांचे जमते. सौम्य आजारात वजन उतरवणे, कुशीवर झोपणे, दंतवैद्याकडून खालचा जबडा पुढे धरणारी पट्टी करून घेणे यांनीही भागते. घोरणे बंद करणाऱ्या नाकाच्या चिमट्यांवर आणि अंगठ्यांवर पैसे घालवू नका.

आता तुमच्याकडे येतो, आणि इथे मला तुमच्याशी थोडा वाद घालायचा आहे. "यांच्या घोरण्याने माझी झोप गेली" असे तुम्ही चार वेळा लिहिले आहे. पण त्याच पत्रात एक ओळ अशीही आहे की दिवाळीत ते पंधरा दिवस गावी होते तेव्हाही तुम्ही रात्री दोनपर्यंत जाग्याच होता. घर शांत होते, मग झोप का नाही आली? उत्तर त्या ओढणीत आहे. संध्याकाळनंतर स्वस्थ बसले किंवा पडले की पायांत वळवळ, चालले की आराम, पुन्हा पडले की पुन्हा तेच : हे वर्णन अस्वस्थ पायांच्या विकाराचे आहे, ज्याचे सविस्तर वर्णन स्वीडनचे डॉक्टर कार्ल-अ‍ॅक्सेल एकबोम यांनी १९४५ साली केले. हा पुरुषांपेक्षा स्त्रियांत जास्त आढळतो आणि त्यामागे अनेकदा शरीरातील लोहाचा साठा कमी असणे हे कारण असते. गेली दोन वर्षे पाळीला जास्त जाते असे तुम्ही ओझरते लिहिले आहे. या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून डॉक्टरांना सांगा. हिमोग्लोबिन ठीक निघाले म्हणून समाधान मानू नका, फेरिटिनची, म्हणजे लोहाच्या साठ्याची, तपासणी करून घ्या, कारण हिमोग्लोबिन बरे असूनही साठा रिकामा असू शकतो. तपासणीशिवाय लोहाच्या गोळ्या सुरू करू नका. मात्र जेवणावर लगेच चहा घेण्याची सवय आजच सोडायला हरकत नाही, कारण चहाने अन्नातले लोह कमी शोषले जाते. सर्दीच्या काही जुन्या, झोप आणणाऱ्या औषधांनी ही वळवळ वाढते, हेही लक्षात असू द्या. थायरॉइडचीही तपासणी करावी, आणि पाळी जाण्याच्या काळात रात्री अंगातून वाफा येत असतील तर तेही सांगावे.

तुमच्या गोळीविषयी. या प्रकारच्या बऱ्याच गोळ्या, उदाहरणार्थ अल्प्राझोलाम किंवा झोल्पिडेम, औषध कायद्याच्या एच-१ परिशिष्टात येतात. त्या चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत आणि दुकानदाराला त्यांची नोंद ठेवावी लागते. ओळखीमुळे तुमची सोय झाली असे तुम्हाला वाटते. त्या सोयीमुळेच अर्धीची पूर्ण कधी झाली हे विचारायला कोणी राहिले नाही. पण आजच्या आज ती बंदही करू नका. एकदम बंद केली तर झोप आणखी उडते, घाबरल्यासारखे होते, क्वचित झटकेही येऊ शकतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती हळूहळू उतरवायची असते.

मग झोप कशाने येईल? आठवड्यात तीन किंवा अधिक रात्री, तीन महिन्यांहून अधिक काळ झोप नीट नसेल तर त्याला दीर्घकाळची निद्रानाशाची तक्रार म्हणतात, आणि तिच्यावर पहिला उपाय गोळीचा नाही, सवयी आणि विचार बदलण्याच्या उपचाराचा आहे. त्याचे मर्म तुमच्या सध्याच्या सवयीच्या नेमके उलट आहे. झोप कमी होते म्हणून तुम्ही साडेनऊलाच पडता आणि साडेपाचला उठता. आठ तासांत झोप मिळते पाच-साडेपाच तास, उरलेले अडीच-तीन तास अंथरुणावर तळमळण्याचा सराव होतो. त्याऐवजी उठण्याची वेळ साडेपाच हीच पक्की ठेवा, रविवारीही, आणि निजण्याची वेळ साडेअकराच्या आधी आणू नका. त्याआधी पेंग आली तर उभे राहून काहीतरी करा. अंथरुणावर सुमारे वीस मिनिटांत झोप आली नाही असे वाटले (घड्याळ पाहू नका, ते भिंतीवरून काढूनच ठेवा) तर उठून दुसऱ्या खोलीत मंद दिव्यात बसा आणि डोळे जड झाल्यावरच परत या. अंथरुणावरच्या वेळेपैकी पंच्याऐंशी टक्के वेळ झोपेत जाऊ लागला की निजण्याची वेळ पंधरा मिनिटांनी अलीकडे घ्या. पहिले पंधरा दिवस त्रासाचे जातील. त्या काळात स्कूटी जपून चालवा. आणि ज्यांना फिट्स किंवा उन्मादाचा आजार आहे त्यांनी हा प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. तुमच्या बाबतीत गोळी उतरवणे, पायांवरचा उपचार आणि हे वेळापत्रक यांचा क्रम डॉक्टरांनीच ठरवावा.

वेगळ्या खोलीत झोपावे का? झोपा. रात्रभर त्यांच्या श्वासावर पहारा देऊन तुम्ही त्यांचा आजार कमी करत नाही, स्वतःचा वाढवता. मात्र ती त्यांच्या आजारावरची सोय समजू नका. दार बंद झाले, आवाज बंद झाला आणि तपासणी मागे पडली असे अनेक घरांत होते. डॉक्टरांची तारीख घ्या आणि मग खोली बदला, या क्रमाने. सासूबाईंना समजावताना झोपेचे शास्त्र सांगत बसू नका. "यांच्या तपासण्या होईपर्यंत डॉक्टरांनी सांगितले आहे" एवढे पुरते. आणि डॉक्टरांना विचारून घ्या, म्हणजे ते खरेही असेल.

इतर पत्रांपैकी काहींना याच निमित्ताने थोडक्यात सांगतो. झोपेतून जागे झाल्यावर हात-पाय हलत नाहीत आणि कोणी छातीवर बसल्यासारखे वाटते, असे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला भूत झपाटलेले नाही. स्वप्नांच्या झोपेत मेंदू स्नायू बंद ठेवतो आणि ते बंद असतानाच जाग आली की असे होते, विशेषतः अपुऱ्या झोपेनंतर. याउलट स्वप्नात खरोखर हात-पाय मारणाऱ्या, पलंगावरून पडणाऱ्या वयस्क माणसाला मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावे, कारण हे काही वेळा पार्किन्सन्सचे आगाऊ लक्षण असते. पहाटे तीनशिवाय झोपच येत नाही अशा मिहानमधील तरुणाने रात्रीच्या उपायांमागे लागण्याआधी उठल्या उठल्या अर्धा तास उन्हात जाऊन पाहावे. आणि रात्री जेवणानंतर खर्रा खाऊन मग झोप येत नाही अशी तक्रार करणाऱ्या तिघांना एवढेच, की तंबाखूतले निकोटिन झोप उडवणारेच द्रव्य आहे.

तुम्ही मात्र या आठवड्यात एका वहीच्या पानावर दोघांच्या सात रात्री लिहा : किती वाजता पडलो, किती वेळा उठलो, सकाळी कसे वाटले, दिवसा कुठे डुलकी लागली. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची नावे त्याखाली, तुमचीही. ते पान आणि फोनमधला व्हिडिओ घेऊन दोघे एकाच दिवशी जा. गाडी त्यांनी चालवायची नाही. आदल्या रात्री तुम्ही गोळी घेतली असेल तर स्कूटीही नको. सरळ ऑटो करा.